खाडीकाठी शिल्प उभं करायचंय? आधी जागा पारखून घ्या

मी धातूत काम करणारी शिल्पकार. काही वर्षांपूर्वी नेरुळच्या बाजूला राहणाऱ्या आम्ही सात-आठ जणांनी खाडीकाठी एक शिल्प उभं करायचं ठरवलं. शिडाची कोळी होडी, २२ फूट लांब, पाण्याकडे तोंड करून उभी. चित्र झालं, हातभर लांबीचं मॉडेल झालं, ज्याला दाखवलं त्याला ते आवडलं. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांना पैसे देणाऱ्या, विभागाने बैठकही घेतली. चार महिने गेल्यावर कळलं, की ज्या बांधावर आम्ही ही होडी मनात उभी केली होती तिथे कायद्याने खुंटीसुद्धा ठोकता येत नाही.

ते चार महिने वाचवता आले असते, म्हणून हा लेख. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, पलीकडे उलवे-पनवेलच्या बाजूला किंवा ठाण्यात कोपरी, कोलशेत, गायमुखच्या काठाला तुमच्या मंडळाच्या, सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या मनात असं काही असेल, तर पुढची कामं शक्यतो याच क्रमाने करा. यातली पहिली तीन कामं जवळजवळ फुकटात होतात आणि निम्मे प्रकल्प तिथेच निकालात निघतात. ती झाल्याशिवाय शिल्पाचं अंतिम चित्र काढू नका. एकदा चित्र आवडलं की माणूस जागेतले दोष बघायचं सोडून देतो. आमचं नेमकं तेच झालं.

१. जागा नेमकी कुणाची, ते कागदावर शोधा

खाडीकाठच्या एकाच पायवाटेवर चार-पाच मालक निघतात. रस्ता आणि बाग महापालिकेकडे, मागचा भूखंड सिडकोचा, जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाची, कांदळवन (खाऱ्या चिखलातलं तिवरांचं जंगल) वनखात्याकडे, जुना बांध खारभूमी विभागाचा आणि उरलेलं महसूल खात्याचं. नवी मुंबईत हा गुंता जास्त आहे. सिडको १९७० ची आणि नवी मुंबई महापालिका १९९२ ची, त्यामुळे कुठला भूखंड हस्तांतरित झाला आणि कुठला नाही हे फक्त कागदच सांगतो. जागेवर महापालिकेचा बाक दिसला म्हणजे जमीन महापालिकेची, असं मुळीच धरू नका.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, सेक्टरचा नकाशा मिळवा, विकास आराखड्यात त्या जागेवर कुठलं आरक्षण आहे त्याचा लेखी अभिप्राय घ्या. जिल्हाही तपासा. नवी मुंबई महापालिकेची हद्द ठाणे जिल्ह्यात येते, पण खारघर, कामोठे, उलवे रायगडमध्ये आहेत. आमच्या ओळखीतल्या एका गटाचा अर्ज चुकीच्या जिल्ह्याच्या कचेरीत तब्बल सहा आठवडे पडून होता.

रस्त्याच्या कडेचा कोपरा, दुभाजक किंवा फुटपाथ सोपा वाटत असेल तर लगेच सांगते : सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे वा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नका, असा आदेश राज्यांना दिला आहे. बाग, चौपाटीचं आवार, तलावाकाठची मोकळी जागा, संस्थेचं अंगण यांचाच विचार करा.

२. सीआरझेडच्या नकाशावर बोट ठेवा

सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात ते. यासाठी २०११ ची आणि २०१९ ची अशा दोन अधिसूचनांची नावं तुमच्या कानावर येतील. जिल्ह्यासाठी सध्या लागू असलेला मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा मागा आणि आपली जागा कुठल्या रंगात पडते ते बघा.

थोडक्यात समजून घ्या. सीआरझेड १-अ म्हणजे कांदळवन, चिखलपट्टे, अभयारण्य यांसारखी संवेदनशील क्षेत्रं; इथे शिल्पाचा विषय सोडून द्यायचा. १-ब म्हणजे भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली जागा. तिथे ज्या कामाला पाण्याचा काठ अपरिहार्य आहे त्याचाच विचार होतो, आणि शिल्प त्यात बसवणं जवळपास अशक्य. दोन म्हणजे आधीच विकसित झालेला शहरी भाग, ज्यात पूर्वीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला काही शक्यता उरते. चार म्हणजे पाणी. पाण्यातल्या स्मारकांसाठी तरतूद आहे, पण ती राज्य शासनाने अपवादात्मक परिस्थितीत करायच्या कामांसाठी. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, त्यानंतर ते न्यायालयात अडकलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या मंडळाने त्या वाटेला जाऊ नये.

इथे एक सापळा आहे आणि आम्ही त्यात अडकलो. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी सीआरझेडची हद्द भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यांतली जी कमी ती, अशी आहे. आधी ती १०० मीटर होती. आम्ही टेप घेऊन बांधापासून ५० मीटर मोजले आणि खूश झालो. पण कांदळवनाचे स्वतःचे ५० मीटर असतात, आणि ते शेवटच्या तिवराच्या झाडापासून सुरू होतात. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल स्पष्ट आहे : कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम नाही, भराव नाही. खरोखर सार्वजनिक हिताचं काम असेल तर थेट न्यायालयाची परवानगी आणायची. आमच्या जागेमागे, अगदी रस्त्यालगत, एका बंद पडलेल्या नाल्यात तिवरांचा एक पुंजका होता. पाच-सहा फुटांची झाडं, आम्ही त्यांना झुडपं समजत होतो. त्या पुंजक्याने आमची जागा दोन्ही बाजूंनी खाल्ली.

म्हणून नकाशा बघून झाल्यावर जागेवर जा आणि १०० मीटरच्या परिघात तिवर कुठे कुठे उगवलंय ते पायी फिरून बघा. जमिनीतून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं दिसली की समजा. नाले आणि धारण तलावही सोडू नका. सिडकोने हे शहर वसवताना भरतीचं पाणी अडवायला जे धारण तलाव केले, त्यांतल्या अनेकांत आता दाट कांदळवन आहे.

जागा सीआरझेडमध्ये पडत असेल पण परवानगी शक्य दिसत असेल, तर १:४००० प्रमाणाचा नकाशा लागतो. त्यावर भरतीरेषा आखून तुमचं शिल्प दाखवायचं. हे काम केंद्राने अधिकृत केलेल्या मोजक्याच संस्था करतात. चेन्नईची राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन संस्था, अण्णा विद्यापीठाचं दूरसंवेदन केंद्र ही त्यांतली नावं. स्थानिक सर्व्हेअरने कितीही सुबक नकाशा काढून दिला तरी तो चालत नाही. त्या नकाशासह प्रस्ताव पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवरून महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. वेळ आणि पैसा दोन्ही खाणारी पायरी आहे. छोट्या गटाला माझा सल्ला असा, की सीआरझेडच्या बाहेरची, पण जिथून पाणी दिसतं अशी जागा शोधा. आम्ही शेवटी तेच केलं.

३. उधाणाच्या दिवशी जागेवर उभं राहा

हे काम कुणावर सोपवू नका. भरतीचं वेळापत्रक बघून अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा सगळ्यात मोठ्या भरतीचा दिवस निवडा. आपल्याकडे पावसाळ्यातली मोठी भरती दुपारच्या सुमारास येते, त्यामुळे बघणं सोपं; हिवाळ्यातली मोठी भरती मध्यरात्रीच्या आसपास असते. एका लांब बांबूवर दर १० सेंटिमीटरला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा, तो बांधाच्या पायथ्याशी, जिथे जाणं सुरक्षित आहे तिथे ओहोटीला रोवा, आणि भरती चढताना दर पंधरा मिनिटांनी फोटो घ्या. आम्ही जुलैत हे केलं. शेवटच्या तासात पाणी डोळ्यांदेखत तीन पट्टे चढलं. वरून पाऊस लागला तेव्हा रस्त्याच्या गटारातून पाणी उलटं येऊन आमच्या 'सुरक्षित' कोपऱ्यात घोट्याएवढं साठलं. नकाशावर ते कुठेच दिसलं नसतं.

यात आकड्यांचा एक घोळ होतो, तो नीट समजून घ्या. वेळापत्रकात '४.८ मीटर भरती' असं असतं तेव्हा ती उंची चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे साधारण अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. तुमचा सर्व्हेअर जमिनीची उंची देतो ती सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती सर्व्हेअरच्या भाषेत जेमतेम २.३ मीटर. मी एका बैठकीत दोन शिकलेल्या माणसांना यावरून तासभर भांडताना पाहिलंय. दोघांचेही आकडे बरोबर होते, फक्त शून्य वेगवेगळं होतं. नकाशावर कुठली पातळी शून्य धरली आहे ते सर्व्हेअरकडून लिहूनच घ्या.

४. कोळीवाड्यात जाऊन बसा

सारसोळे, करावे, दिवाळे, वाशीगाव, ठाण्यात चेंदणी. खाडीकाठची कुठलीही जागा कुणाच्या तरी रोजच्या वापरात असते, आणि तो वापर सातबाऱ्यावर नसतो. जाळी कुठे सुकतात, होड्या पावसाळ्यात कुठे ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेची मिरवणूक कुठून पाण्याला लागते, गावदेवीचं ठाण कुठे आहे, हे विचारा. मच्छीमार सहकारी संस्थेला पत्र द्या, पण पत्राआधी दोनदा नुसतं जाऊन भेटा.

आम्ही मॉडेल घेऊन गेलो तेव्हा एका वयस्कर तांडेल काकांनी ते हातात घेतलं, उलटं करून तळ बघितला आणि म्हणाले, "ताई, शीड वाऱ्यावर हाय, पण सुकाणू दुसरीकडंच वळलंय. अशी होडी बुडंल." त्यांनी माझ्या वहीत पेनाने सुकाणूची जागा काढून दिली. मग हेही सांगितलं, की आम्ही निवडलेल्या कोपऱ्यातून त्यांच्या बायका पहाटे निवट्या (चिखलातले मासे) आणि खेकडे धरायला खाली उतरतात. तिथे चौथरा आला तर त्यांना वळसा पडेल. ही माहिती कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात आली नसती. शिल्पाचा विषय तुम्ही या लोकांच्या आयुष्यातून उचलणार असाल, तर हे संभाषण चित्र काढण्याआधी व्हायला हवं. आम्ही ते उशिरा केलं, याची मला आजही खंत आहे.

५. पक्षी, उंची आणि दिवे

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२१ मध्ये त्याभोवतीचं पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र आणि २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टरचं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तुमची जागा यांतल्या कशाच्या आत किंवा शेजारी आहे ते वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून लेखी विचारून घ्या.

कागदापलीकडे जाऊनही बघा. २०२४ च्या सुरुवातीला नेरुळच्या जेट्टीजवळ एका मोठ्या फलकावर आपटून फ्लेमिंगो मेले आणि तो फलक काढावा लागला. फलक आणि शिल्प यांत पक्ष्याला काही फरक दिसत नाही. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात, भरती-ओहोटीच्या वेळी थवे खाडीतून पाणथळीकडे कुठल्या वाटेने उडतात ते काही दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. पक्षिनिरीक्षक आनंदाने मदत करतात. त्या वाटेवर उंच, सपाट, चकचकीत पृष्ठभाग नको, तारा नकोत, आणि रात्री वर रोखलेले दिवे तर अजिबात नकोत. शिल्प रात्री दिसावंच असा आग्रह प्रायोजक धरतात. जमिनीलगत, खाली रोखलेला, पिवळसर आणि दहा वाजता बंद होणारा दिवा यावर आम्ही त्यांना राजी केलं.

उंच काही असेल तर विमानतळाचाही विचार करावा लागतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली, त्यामुळे बेलापूर-उलवे बाजूला विमानतळ प्राधिकरणाचा, कुठे किती उंची चालते ते दाखवणारा रंगीत नकाशा बघणं टाळू नका.

६. जमिनीखाली काय आहे

वर मुरूम आणि हिरवळ दिसते, खाली भराव, त्याखाली काळा, लोण्यासारखा मऊ खाडीचा चिखल, आणि काही मीटर खोल गेल्यावर कातळ. हा चिखल वर्षानुवर्षं दबत राहतो. चार बाकांना त्याचं काही नाही. एका बाजूला वजन असलेल्या शिल्पाला आहे. ते हळूहळू कलतं.

बोअर मारून माती परीक्षण करून घ्या, निदान एक बोअर कातळापर्यंत. शेजारच्या इमारतीचा जुना अहवाल मिळाला तर अंदाजासाठी वापरा, पायाच्या डिझाइनसाठी नको. अहवालात माती आणि भूजल यांतल्या क्लोराइड-सल्फेटचं प्रमाण मागायला विसरू नका. ते न मागितल्यास बऱ्याचदा करतच नाहीत. काँक्रीटबाबत भारतीय मानक ४५६ मध्ये स्पष्ट तक्ता आहे : किनारी हवेत किमान एम-३० (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि सळईवर ४५ मिमी आवरण, खारे तुषार उडत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम-४० आणि ७५ मिमी. कंत्राटदार "आपण नेहमी २५ देतो" म्हणाला, तर हा तक्ता पुढे करा.

७. वाऱ्याचा हिशोब पाटीवर मांडून बघा

इंजिनिअर नेमण्याआधी स्वतः हा हिशोब करा, शिल्पाचा आकारच बदलेल. मुंबई-ठाण्यासाठी मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे १५८ किमी. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की न्यूटनमध्ये दाब मिळतो, त्याला ९.८ ने भागलं की किलोत : दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो.

आमच्या होडीचं शीड ४ मीटर उंच, २ मीटर रुंद, पत्र्याचं. ८ चौरस मीटर. म्हणजे वारा त्याला जवळपास ९४५ किलोंनी ढकलणार, आकारामुळे वाढणारा भाग वेगळाच. हा जोर जमिनीपासून ३ मीटरवर लागतो असं धरलं तर पायथ्याशी उलटवणारा जोर झाला सुमारे २.८ टन-मीटर. दोन बाजूंच्या अँकर बोल्टांत १ मीटर अंतर असेल, तर एका बाजूच्या बोल्टांवर तीन टनांच्या आसपास ओढ. चार बोल्टांवर उभं करायचं असं जे मी ठरवून बसले होते, ते तिथेच संपलं. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले. म्हणजे या हिशोबातल्या दाबाच्या निम्म्याच्या आसपासचा दाब आपल्याकडे येऊनही गेला आहे.

मी पत्रा सोडला आणि शीड पोकळ नळ्यांच्या विरळ रेघांनी केलं. वारा आरपार जातो, मागची खाडी दिसते, आणि लोक म्हणतात की आता ते शीडही वाटतं आणि सुकत घातलेलं जाळंही. नळ्यांमधलं अंतर मात्र मुद्दाम मोठं ठेवलं, पक्षी अडकू नये म्हणून. अंतिम डिझाइन परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, आणि दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्या. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा कोसळला, तेव्हा तो उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्टांना गंज चढल्याची बाब त्याआधीच लेखी नोंदवली गेली होती. त्या दिवसानंतर कुठलाही अधिकारी तुमच्या शिल्पाच्या आतल्या सांगाड्याबद्दल विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

८. धातूचे तुकडे एक पावसाळा टांगून ठेवा

धातूंबद्दल दुकानदार, कंत्राटदार आणि मित्र तुम्हाला वेगवेगळं सांगतील. तुमची जागा खरं सांगेल. हातभर लांबीचे सहा तुकडे घ्या : रंगवलेलं लोखंड, गॅल्व्हनाइज्ड लोखंड, ३०४ प्रतीचं स्टेनलेस, ३१६ प्रतीचं स्टेनलेस, ब्राँझ आणि फायबर. प्रत्येकावर एक वेल्डिंगचा जोड किंवा भोक असू द्या, कारण रोग तिथूनच सुरू होतो. परवानगी घेऊन ते नायलॉनच्या दोरीने जागेवरच्या कठड्याला बांधा, मागे तारीख कोरा, आणि दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढा.

आमचे तुकडे जूनमध्ये लटकले. गणपतीपर्यंत रंगवलेल्या लोखंडाच्या भोकाभोवती रंग फुगून आला. दिवाळीत ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग होते, वेल्डच्या कडेला बारीक खड्डे. ३१६ वर पुसट डाग, ओल्या फडक्याने पुसले गेले. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत टिकतं ते त्यामुळे. ब्राँझ काळवंडून हिरवट झालं, पण आतून शाबूत. फायबरची चकाकी उतरली.

तीन गोष्टी यातून पक्क्या झाल्या. एक, ३१६ सुद्धा खरखरीत ठेवलं तर डागतं, कारण ओरखड्यांत मीठ बसतं. आरशासारखी पॉलिश केली तर पक्ष्यांचा प्रश्न येतो. मधला मार्ग म्हणजे बारीक साटिन फिनिश, ग्राइंडिंगच्या रेघा उभ्या, म्हणजे पावसाचं पाणी मीठ घेऊन खाली उतरतं. दोन, ब्राँझच्या आत साधा लोखंडी सांगाडा ठेवू नका. खारी ओल लागली की दोन धातूंमध्ये वीज वाहते आणि लोखंड गपागप खाल्लं जातं. सांगाडाही स्टेनलेसचा करा आणि दोन धातूंमध्ये नायलॉन किंवा निओप्रीनचे वॉशर घाला. तीन, गंजाचा लालसर थर मुद्दाम मिरवणारं कॉर्टेन पोलाद आतल्या शहरांत सुंदर दिसतं, खाडीकाठी त्याचा थर कधी स्थिरावत नाही. मला तो रंग फार आवडतो, तरीही नाही.

वेल्डिंग करणाऱ्याला स्टेनलेससाठी वेगळा ग्राइंडर आणि वेगळा ब्रश ठेवायला लावा. लोखंडावर वापरलेली चकती ३१६ वर फिरली, की त्या कणांपासूनच गंज धरतो.

९. पुतळा की शिल्प, हे आधीच ठरवा

राष्ट्रपुरुष किंवा थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर राज्य शासनाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात : जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती, कला संचालनालयाची मॉडेलला मान्यता, पोलिसांचा अभिप्राय, आणि पुढची देखभाल कोण करणार याची हमी. होडी, पक्षी, लाट असं शिल्प असेल तर वाट थोडी मोकळी असते. जागामालक संस्थेचा ठराव आणि तांत्रिक मंजुऱ्या मुख्य. मात्र मधेच कुणी "यावर अमुकांची मूर्तीही बसवू" असं सुचवलं, तर प्रकल्प पहिल्या पायरीवर परत जातो. हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

१०. पैसे आणि पुढची दहा वर्षं

आमच्या अंदाजपत्रकात प्रत्यक्ष शिल्प निम्म्याहून कमी निघालं. बाकी बोअर, पाया, नकाशे, वाहतूक, हायड्रा क्रेन, विमा, इंजिनिअर. सीएसआरमधून पैसे मिळू शकतात, कला आणि संस्कृतीचं संवर्धन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. पण कंपन्या सहसा उभारणीला पैसे देतात, धुण्या-पुसण्याला नाही. म्हणून दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी दाखवा आणि ती कोणत्या खात्यात राहील तेही लिहा. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं, पावसाळ्याआधी आणि नंतर बोल्टांची तपासणी, ब्राँझ असेल तर वर्षाला मेणाचा हात. जागेवर गोड्या पाण्याचा नळ आहे का, हे आम्ही शेवटी विचारलं. नव्हता. ती पाइपलाइन पुन्हा अंदाजपत्रकात घालावी लागली.

कलावंताशी करार करताना स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७ वाचा. शिल्प विकलं गेलं तरी त्याची मोडतोड होऊ नये म्हणून दाद मागण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हेच मान्य केलं. हलवायचं, रंगवायचं किंवा काढायचं झालं तर कुणाला किती दिवस आधी कळवायचं, ते करारात घाला.

११. फाइलमध्ये काय हवं

सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि विकास आराखड्याचा अभिप्राय. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा संबंधित भाग, त्यावर जागेची खूण. जवळच्या प्रत्येक कांदळवनापासूनचं मोजलेलं अंतर, फोटोंसह. कांदळवन कक्षाचं उत्तर. उधाणाच्या दिवसाचे फोटो, वेळेसकट. शून्य पातळी लिहिलेला सर्व्हे. माती परीक्षण. मच्छीमार संस्थेशी झालेल्या बैठकांचं इतिवृत्त. मॉडेलचे फोटो, मापं आणि वजन. दोन इंजिनिअरांच्या सह्यांचं डिझाइन. धातूच्या तुकड्यांची महिनावार नोंद. अंदाजपत्रक, देखभालीचा निधी वेगळा दाखवून. जागामालक संस्थेचं तत्त्वतः संमतीपत्र. आणि वाहतुकीचा मार्ग : वळणं, विजेच्या तारांची उंची, क्रेन उभी राहील तिथली जमीन. आमच्या होडीचे दोन भाग करावे लागले ते कलेमुळे नव्हे, सर्व्हिस रोडच्या एका वळणामुळे.

१२. 'नाही' म्हणायची तारीख ठरवा

पहिल्याच बैठकीत कॅलेंडरवर एक तारीख लिहा; त्या दिवशी पुढे जायचं की थांबायचं ते ठरणार. कांदळवनाचा पट्टा, जागामालकाचा स्पष्ट नकार, गावाचा विरोध किंवा देखभालीला कुणीच तयार नसणं, यांतलं एक जरी असेल तर ती जागा सोडा. शिल्प सोडायची गरज नाही. आम्ही बांधावरून साधारण दीडशे मीटर मागे, रस्त्याच्या जमिनीकडच्या एका बागेत गेलो. तिथून भरतीला पाण्याची फक्त एक पट्टी दिसते. मी नाराज होते. तांडेल काका येऊन चौथऱ्याच्या आखणीवर उभे राहिले, थोडा वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले, आणि म्हणाले की पावसाळ्यात होडी अशीच वर ओढून ठेवतात, तोंड पाण्याकडे करून.